सकाळची पोटदुखी, पटकन येणारे रडू आणि ‘काही नाही’ हे उत्तर

कांदिवलीत राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा मुलगा गेले दोन महिने शाळा असलेल्या दिवशी सकाळी पोटात दुखते असे सांगतो. बारीकसारीक गोष्टीवरून त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि काय झाले असे विचारले की ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. आईवडील दोघेही नोकरी करतात आणि रात्री आठच्या सुमारास घरी पोहोचतात. शाळा सुटल्यापासून तोपर्यंत मुलगा आजीजवळ असतो. आजींच्या मते मुलगा फार हळवा झाला आहे, वडिलांच्या मते त्याला लाडावून ठेवले आहे. या मुलाला मनाने कणखर कसे करावे, त्याला समजून घेण्याच्या नादात आपण त्याला आणखी दुबळे तर करत नाही ना, आणि समुपदेशकाकडे नेण्याची वेळ आली आहे का, हे त्या आईला जाणून घ्यायचे आहे.

मुंबईत मुलांच्या आणि पालकांच्या समुपदेशनाचे काम मी अनेक वर्षे करत आहे आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्यासमोर सतत येत असतो. त्यामुळे माझे मत आधीच सांगते. मनाचा कणखरपणा मुलाला उपदेश करून येत नाही आणि त्याला एकटे सोडूनही येत नाही. घाबरलेल्या, रडणाऱ्या, चिडलेल्या मुलाला आधी दुसरे कोणीतरी शांत करते. हे असंख्य वेळा घडल्यानंतर ते मूल हळूहळू स्वतःला शांत करायला शिकते. मेंदूचा जो भाग भावनांना आवर घालतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. नऊ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसासारखा संयम मागणे म्हणजे त्याच्याजवळ अजून पुरते तयार न झालेले काहीतरी मागणे होय. तेव्हा आपले काम त्याचे रडू लवकरात लवकर बंद करणे हे नाही. रडू येऊन ओसरेपर्यंत त्याच्याजवळ राहणे आणि त्याच वेळी जे करायचे ठरले आहे ते त्याच्याकडून करून घेणे, हे आपले काम आहे. ही दोन्ही कामे एकत्र कशी करायची, हाच सगळा प्रश्न आहे.

सुरुवात पोटापासून करू. आधी मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पोटदुखीने मूल झोपेतून जागे होत असेल, वजन कमी होत असेल, वारंवार उलट्या होत असतील, ताप येत असेल, शौचातून रक्त जात असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा बेंबीपासून दूर, एका बाजूला ठरावीक जागीच दुखत असेल, तर ती मनाची गोष्ट आहे असे परस्पर ठरवू नये. बद्धकोष्ठाचीही चौकशी करावी. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ आहे म्हणून दिवसभर शौच आणि लघवी दाबून ठेवणारी, त्यासाठी पाणीही न पिणारी मुले या शहरात पुष्कळ आहेत आणि ही गोष्ट ती लाजेपोटी घरी सांगत नाहीत. हे सर्व तपासून काही निघाले नाही आणि दुखणे बेंबीभोवती, शाळेच्या दिवशी सकाळी सुरू होऊन रविवारी नाहीसे होत असेल, तर त्यामागे बहुधा काळजी किंवा भीती असते.

पण ‘तपासणीत काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘मुलाला दुखत नाही’ असा मुळीच होत नाही. आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि ते मेंदूशी जोडलेले असते. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवली नसती अशी कळही जाणवू लागते. मुलगा नाटक करत नसतो. त्याला खरोखर दुखत असते. घरातील प्रत्येकाला हे एकदा नीट समजावून सांगावे, कारण पुढचे सगळे या एका समजुतीवर अवलंबून आहे.

आता अशा घरातील एक सकाळ पाहू. पावणेसात वाजले आहेत, व्हॅन सातला खाली येते. मुलगा दुधाचा पेला हातात धरून बसला आहे आणि पेला तसाच भरलेला आहे. ‘आई, पोटात दुखतंय.’ आईचा एक हात तव्यावरच्या पोळीवर, दुसरा डब्याच्या झाकणावर. ‘परत? काल रात्री तर चांगला होतास. काही होत नाही, दूध पी पटकन, काका हॉर्न वाजवायला लागतील.’ मुलाचे डोळे भरून येतात. ‘आता रडायला काय झालं?’ आजी ओव्याची डबी घेऊन येतात आणि म्हणतात, ‘आमची पोरं कधी अशी रडली नाहीत बाई.’ शर्टाची बटणे लावत वडील म्हणतात, ‘मुलगा असून रोज सकाळी रडतोस, शोभतं का?’

या तिघांपैकी एकाच्याही मनात वाईट नाही. प्रत्येकाला मुलाचे दुखणे थांबायला हवे आहे. परंतु मुलाच्या पदरात काय पडले ते पाहा. माझ्या शरीराला जे जाणवते ते खरे नाही, माझ्या रडण्याने सगळ्यांची अडचण होते आणि मी इतर मुलांपेक्षा कमी आहे, एवढे त्याने दहा मिनिटांत ऐकले. शिवाय आपले दुखणे खरे आहे हे आता त्याला पटवून द्यावे लागणार, त्यामुळे दुखणे वाढते, कमी होत नाही. ज्या घरात दुखण्यावर विश्वास ठेवला जात नाही, त्या घरातील मुलांची दुखणी लांबत जातात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

तीच सकाळ वेगळी होऊ शकते. आई गॅस बंद करते आणि मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी खाली बसते. ‘कुठे दुखतंय, हात ठेव बघू.’ मुलगा बेंबीवर हात ठेवतो. आई त्या हातावर आपला हात ठेवते आणि क्षणभर काहीच बोलत नाही. मग म्हणते, ‘शाळेच्या दिवशी सकाळी असं आवळून येतं ना?’ मुलगा मान हलवतो. ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना, मनात धास्ती असली की पोट असं आवळतं. दुखतं खरंच, पण त्याने पोटाला काही इजा होत नाही. कशाची धास्ती आहे ते आत्ता सांगता नाही आलं तरी चालेल. रात्री आपण दोघं खाली चक्कर मारायला जाऊ, तेव्हा बोलू. आत्ता शाळेत जायचंय. दोन घोट दूध पी, मी व्हॅनपर्यंत तुझ्याबरोबर येते.’ या सगळ्याला दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पहिले काही दिवस याचा काहीच परिणाम दिसणार नाही. मुलगा तरीही रडेल. तो रडत रडत व्हॅनमध्ये बसला म्हणजे आपले चुकले, असे समजू नये. सोबत मिळाली आणि ठरलेलेही झाले, हे त्याला रोज अनुभवायला मिळणे महत्त्वाचे आहे.

लाडावण्याबद्दलच्या शंकेचे उत्तरही याच प्रसंगात आहे. भावना मान्य करणे आणि मागणी मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तुला भीती वाटते हे मला समजते’ असे म्हटल्याने मूल बिघडत नाही. ‘भीती वाटते ना, मग नको जाऊस’ असे वरचेवर म्हटल्याने त्याचे नुकसान होते. ज्याची भीती वाटते ते टाळले की त्या क्षणी फार बरे वाटते आणि ते बरे वाटणेच भीतीला बळकटी देते. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आणखी अवघड होऊन बसते. म्हणून शाळा बुडवण्याची सवलत सहसा देऊ नये. खरेच आजारी असल्याने घरी राहावे लागले, तर तो दिवस आजाऱ्याचा दिवस असावा: अंथरुणावर विश्रांती, मऊ भात, पुस्तके, आणि मोबाइल व टीव्ही बंद. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकापासून पालकत्वाच्या पद्धतींचा अभ्यास केला. मुलांना माया भरपूर आणि नियमही पक्के, अशा घरांतील मुले तुलनेने अधिक जबाबदार आणि आत्मविश्वासू दिसतात, असे त्यांनी मांडले. केवळ धाक असलेल्या किंवा केवळ मुभा असलेल्या घरांत तसे आढळत नाही. आपल्याकडे बहुतेकदा एक पालक माया करतो आणि दुसरा धाक दाखवतो. या वाटणीमुळे मुलाला दोन अर्धे पालक मिळतात. दोघांनीही दोन्ही करायला हवे.

मात्र याला एक अपवाद आहे. शाळेत, व्हॅनमध्ये किंवा शिकवणीत मुलाला मारहाण होत आहे, कोणी त्याला नको तसा स्पर्श करत आहे किंवा काही मुले त्याला सतत छळत आहेत अशी शंका असेल, तर ‘जायलाच हवे’ हा हट्ट ताबडतोब थांबवावा आणि आधी त्याचा छडा लावावा.

आता ‘काही नाही’ या उत्तराकडे येऊ. नऊ वर्षांच्या मुलाला आपल्याला काय होते आहे हे अनेकदा खरोखरच सांगता येत नाही. पोटात गोळा येतो, घशाशी दाटून येते, एवढेच त्याला कळते. हे शिक्षकांच्या ओरडण्याने होते की मधल्या सुट्टीत एकटे पडल्याने, याचा धागा त्याला सापडलेला नसतो. अशा वेळी समोर बसवून, चेहऱ्यावर काळजी घेऊन ‘सांग ना, काय झालं, मला सांगणार नाहीस तर कोणाला सांगणार’ असे विचारले की ती चौकशी होते आणि मूल मिटून जाते. मुले समोरासमोर कमी आणि शेजारी शेजारी असताना जास्त बोलतात. रात्री सोसायटीच्या आवारात चक्कर मारताना, मटार सोलताना, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, बसच्या सीटवर खिडकीबाहेर बघत असताना ती मोकळी होतात. प्रश्नही लहान आणि नेमका असावा. ‘शाळा कशी होती?’ याला ‘बरी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘आज मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाल्लास?’, ‘सर्वांत कंटाळवाणा तास कोणता होता?’, ‘व्हॅनमध्ये तू कुठल्या सीटवर बसतोस?’ अशा प्रश्नांना उत्तरे मिळतात आणि त्या उत्तरांतून हळूहळू चित्र दिसू लागते.

भावनेचे नाव मोठ्यांनी घरात सहज उच्चारले, तर मुलालाही ते वापरता येते. ‘तू हिरमुसलास का?’, ‘आज मला ऑफिसात फार ओशाळल्यासारखं झालं’, ‘नवीन ठिकाणी मीसुद्धा बावरतो’ अशी वाक्ये कानावर पडत राहिली की राग, कंटाळा आणि रडू यांच्यापलीकडेही काही असते हे मुलाला समजते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रौढांवर केलेल्या एका प्रयोगात असे दिसले, की चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला असता मेंदूच्या अमिग्डला या, भीतीशी निगडित असलेल्या भागातील हालचाल कमी होते. घरात मात्र याचा मारा करू नये. मूल रडत असताना ‘तुला आता नेमके काय वाटते आहे ते शब्दांत सांग’ असा आग्रह धरणे हाही एक छळच आहे. शब्द आपण सुचवावा आणि तो चुकला असेल तर दुरुस्त करण्याची मोकळीक मुलाला द्यावी.

आणि मुलाने कधी सांगितलेच, तर त्या क्षणी आपण काय करतो यावर पुढचा सगळा संवाद अवलंबून असतो. या बाबतीत पालकांनी विशेष जपावे असे मला मनापासून वाटते. मुलगा म्हणतो, ‘गणिताचे सर सगळ्यांसमोर वही फेकतात.’ आई तत्काळ म्हणते, ‘काय? मी उद्याच येते शाळेत, बघतेच त्यांना.’ आईला वाटते की मी माझ्या मुलाच्या पाठीशी उभी राहिले. मुलाला वाटते की आता उद्या सगळ्या वर्गाला कळणार, सर माझ्यावर आणखी चिडणार, आणि मी उगाच बोललो. पुढच्या वेळी तो ‘काही नाही’ म्हणतो. दुसऱ्या घरात आई म्हणते, ‘तूच काहीतरी केलं असशील.’ तिसऱ्या घरात आईलाच रडू येते आणि मुलगा तिची समजूत काढत बसतो. तिन्ही घरांत मुलाला एकच धडा मिळतो: घरी सांगितले की प्रकरण वाढते. म्हणून आधी फक्त ऐकावे. ‘बापरे, सगळ्यांसमोर? मग तू काय केलंस?’ एवढे विचारून थांबावे. त्याचे बोलणे संपल्यावर विचारावे, ‘यात मी काही करावं असं तुला वाटतं का, की नुसतं सांगायचं होतं?’ शाळेत जाऊन बोलणे आवश्यकच असेल, तर ते त्याला आधी सांगून, कोणाशी आणि काय बोलणार हे त्याच्यासमोर ठरवून मगच जावे.

वडिलांसाठी काही वेगळे सांगायचे आहे. मुलग्याने रडू नये ही शिकवण प्रेमापोटीच दिली जाते. बाहेरच्या जगात त्याला कोणी चिडवू नये, अशी वडिलांची इच्छा असते. परंतु रडू दाबायला शिकलेल्या मुलाला दुःख व्हायचे थांबत नाही; त्याचे दुःख पुढे रागाच्या, अबोल्याच्या किंवा दुखण्यांच्या रूपाने बाहेर पडते. या वयात मुलाचे वडिलांकडे बारीक लक्ष असते. ‘मी पाचवीत असताना मलाही तोंडी परीक्षेची इतकी भीती वाटायची की तळवे ओले व्हायचे’ एवढे एक खरे वाक्य वडिलांनी सांगितले, तर आईच्या अनेक दिवसांच्या समजावण्याने होत नाही ते काम होते. आणि व्हॅनपर्यंत सोडायला जाण्याचे काम आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी वडिलांनी आपल्याकडे घ्यावे. ती आईला केलेली मदत नाही, तो त्यांचा स्वतःचा वाटा आहे.

आजींच्या बाबतीत मी पालकांना नेहमी सांगते की त्यांना या प्रश्नाचा भाग समजू नका, उपायाचा भाग करून घ्या. दुपारचे सहा-सात तास मूल त्यांच्याजवळ असते; शाळेतून आल्यावरचा त्याचा पहिला चेहरा त्याच पाहतात. ‘तुम्ही त्याला असे बोलू नका’ या सूचनेने घरात फक्त ताण वाढतो. त्याऐवजी सुनेने म्हणावे, ‘आई, तो तुमच्याजवळ जास्त मोकळा असतो. घरी आल्यावर तो कसा दिसतो, डबा किती संपलेला असतो, एवढं बघून मला सांगाल का? आणि रडला तर नुसता पाठीवरून हात फिरवा, बोलायचं ते नंतर बघू.’ पाठीवरून हात फिरवणे ही कला आपल्या आज्यांना कोणी शिकवावी लागत नाही. त्यांना एवढेच विनवावे लागते की त्या वेळी शेजारच्या मुलाचे उदाहरण देऊ नका. तुलनेने मूल सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. ज्याच्याशी तुलना होते त्या मुलाचा मात्र त्याला मनापासून राग येऊ लागतो.

मुंबईतील घरांच्या आकाराबद्दल लिहिणे भाग आहे, कारण परदेशी सल्ल्यांमध्ये मुलाची वेगळी खोली गृहीत धरलेली असते. आपल्याकडे दीड-दोन खोल्यांत चार-पाच माणसे राहतात. मुलाला एकट्याने रडायलाही जागा नसते. अशा घरात गॅलरीचा एक कोपरा, कपाटामागची जागा किंवा पडदा लावलेला पलंग ‘त्याचा’ ठरवून द्यावा, आणि तो तिथे जाऊन बसला की कोणीही त्याला हाक मारू नये, असा नियम सर्वांनी पाळावा. लहान घरातील दुसरी अडचण अशी की मुलाला सगळे ऐकू येते. रात्री मूल झोपले आहे असे समजून पैशांवरून झालेले भांडण, बहिणीला फोनवर सांगितलेले ‘याचं काय करावं मला कळतच नाही गं’ हे वाक्य, दोन्ही त्याच्या कानी पडतात. आईवडिलांचे मतभेद मुलापासून पूर्णपणे लपवता येत नाहीत आणि तशी गरजही नाही. पण भांडण त्याच्यासमोर झाले असेल तर समेटही त्याच्यासमोर व्हावा आणि ‘हे आमचं दोघांचं होतं, तुझ्यामुळे नव्हतं’ हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. या वयाची मुले घरातील ताणाचे कारण चटकन स्वतःलाच समजतात.

हे सर्व वाचून एखाद्या आईला वाटेल की सकाळी सातची धावपळ, गर्दीच्या लोकलचा दोन वेळचा प्रवास आणि ऑफिस यांनंतर इतका संयम आणायचा कोठून. ही तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘आणखी संयम बाळगा’ असे देणे अन्यायाचे होईल. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यात आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून, हात पुढे करून, आवाज काढून आईला परत आणण्याचा प्रयत्न करते आणि जमत नाही तेव्हा कावरेबावरे होऊन तोंड फिरवते. या प्रयोगाची चर्चा पुष्कळ होते. ट्रॉनिक यांच्या पुढील अभ्यासातील गोष्ट मात्र कमी सांगितली जाते: चांगल्या, निरोगी नात्यातही आई आणि बाळ यांचे सूर बराचसा वेळ जुळलेले नसतात. ते तुटतात आणि पुन्हा जुळवले जातात, आणि या पुन्हा जुळण्यातूनच बाळाला नात्याचा भरवसा येतो. तेव्हा आपण कधीच ओरडू नये अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नये. ओरडल्यावर परत जावे, एवढी मात्र ठेवावी.

परत जाणे म्हणजे काय, तेही सांगते. राग ओसरल्यावर मुलाजवळ बसून म्हणावे, ‘मघाशी मी तुझ्यावर ओरडले. मी दमलेले होते, पण ओरडायला नको होतं. तुला भीती वाटली असेल.’ इथे थांबावे. ‘पण तूसुद्धा ऐकत नाहीस ना’ हे शेपूट जोडले की माफी संपते आणि पुन्हा तक्रार सुरू होते. माफी मागितल्याने नियम रद्द होत नाही. गृहपाठ राहिला असेल तर तो करायचाच आहे. माफी मागितली तर मुलाला आपला धाक राहणार नाही, असे अनेक वडिलांना वाटते. प्रत्यक्षात चूक झाल्यावर कसे वागावे हे मूल यातूनच शिकते आणि पुढे स्वतःची चूक लपवण्याची त्याला गरज वाटत नाही. संध्याकाळी घरात शिरल्यावरची पहिली दहा मिनिटे मोबाइल, स्वयंपाक आणि गृहपाठाची चौकशी बाजूला ठेवून मुलाजवळ बसता आले, तर उरलेली संध्याकाळ सोपी जाते. हा वेळ रविवारी एकदम भरून काढता येत नाही.

झोप आणि खेळ यांबद्दल थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. आईवडील आठला येतात, जेवण साडेनऊला, झोप अकराला आणि उठणे सहाला, हा अनेक घरांतील क्रम मुलाच्या वाट्याला सातच तास ठेवतो. अपुऱ्या झोपेचे मूल रडवेले आणि चिडके होणारच. मुलाचे जेवण आजींबरोबर आधी उरकून साडेनऊला दिवे मंद करता आले, तर हळवेपणाचा काही भाग त्यानेच कमी होईल. खेळाच्या बाबतीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावणाऱ्या समित्यांशी पालकांनी एकत्र येऊन बोलावे. धावणे, पडणे, भांडणे आणि परत खेळायला लागणे हे मुलाला कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

शाळेत वर्गशिक्षिकांची वेळ घेऊन भेटावे. तक्रारीचा सूर न ठेवता विचारावे की तो मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो, कोणत्या तासाला गप्प होतो, फळ्यावरचे उतरवून घ्यायला त्याला वेळ लागतो का. चौथीत लेखन आणि वाचन एकदम वाढते आणि तोवर झाकलेली अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित फार अवघड जाणे, या सुमारास भीतीच्या रूपाने समोर येऊ शकते. तसे वाटल्यास तपासणी करून घ्यावी. शीव, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेतील सवलतींना कायद्याचा आधार आहे. शिक्षक मारत किंवा अपमान करत असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, हे शाळेला शांतपणे पण स्पष्टपणे सांगावे.

समुपदेशकाकडे केव्हा न्यावे? वर सांगितलेले बदल तीन-चार आठवडे सातत्याने करूनही सकाळची पोटदुखी तशीच राहिली, शाळा बुडू लागली, झोप किंवा भूक बिघडली, आवडत्या खेळातून आणि मित्रांमधून मूल अंग काढून घेऊ लागले, तर थांबू नये. या मुलाला दोन महिने त्रास होतो आहे, म्हणून घरातील बदल सुरू करतानाच भेटीची वेळ घेऊन ठेवावी असे मी सुचवेन. आणि ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचे काहीही मूल बोलले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर एक दिवसही वाट पाहू नये. त्या वेळी मुलाला एकटे ठेवू नये आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते. मुलांवरील अत्याचाराच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक आहे. समुपदेशकाकडे जाणे हे नव्या पिढीचे फॅड आहे असे आजींना वाटत असेल, तर त्यांना सांगावे की भारतातील पहिले बाल मार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये याच शहरात, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने सुरू केले होते.

पहिल्या भेटीला आणताना मुलाला फसवून आणू नये. ‘आपण एका काकूंकडे गप्पा मारायला जाऊ’ असे सांगून आणलेली मुले माझ्या खोलीच्या दारातच अवघडून उभी राहतात. ‘तू शहाण्यासारखा वागावास म्हणून नेते आहे’ असेही म्हणू नये. मग समुपदेशन त्याला शिक्षा वाटते. आदल्या दिवशी, तो निवांत असताना, सरळ सांगावे: ‘तुझ्या पोटात सकाळी दुखतं आणि मनाला धास्ती वाटते. मुलांना असं होतं तेव्हा मदत करणाऱ्या एक ताई आहेत. मी आणि बाबा दोघंही बरोबर येणार आहोत. त्या तुला खेळायला, चित्र काढायला देतील आणि काही विचारतील. ज्याचं उत्तर द्यावंसं वाटणार नाही, तिथे तू “आत्ता नाही सांगायचं” असं म्हणू शकतोस.’ मुलाने काही विचारले तर खरे उत्तर द्यावे, आणि भेटीनंतर घरी येताना ‘काय काय बोललास?’ असे मात्र विचारू नये.